सक्करै पोंगल हलकं करायचंय? तांदूळ बदलण्याआधी गुळाचं माप बघा

सक्करै पोंगल म्हणजे तमिळ घरांत पोंगल सणाला होणारा तांदूळ-मूगडाळीचा गोड भात. जानेवारी उजाडला की 'हेल्दी सक्करै पोंगल'च्या कृती सगळीकडे फिरू लागतात. बहुतेकांत सूचना दोनच असतात: साखरेऐवजी गूळ घाला आणि तांदळाऐवजी तिनै, म्हणजे आपला राळा, वापरा. पहिल्या सूचनेला काही अर्थ नाही, कारण या पदार्थात गूळ पहिल्यापासूनच असतो. दुसरी सूचना चांगली आहे, पण तिने वाटीत जो फरक पडतो तो लोक समजतात त्याहून बराच लहान आहे. खरा फरक कशाने पडतो, तो चवीला धक्का न लावता कसा पाडायचा, आणि कुठे हात आवरता घ्यायचा, हे जरा सविस्तर सांगते.

आधी पदार्थ नीट ओळखून घेऊ. तमिळ पंचांगातल्या 'तै' महिन्याचा पहिला दिवस म्हणजे तै पोंगल. तो १४ किंवा १५ जानेवारीला, आपल्या संक्रांतीच्याच सुमाराला येतो. अंगणात चूल मांडून, गळ्याशी पानांसकट हळदीचं ओलं रोप बांधलेल्या मडक्यात किंवा काशाच्या 'वेंगल पानै'त नवा तांदूळ शिजवतात. दूध उतू गेलं की 'पोंगलो पोंगल' असा गजर होतो. मुंबईत धारावीतल्या तमिळ वस्तीत त्या दिवशी रस्त्यावर ओळीने चुली पेटतात. जिन्नस मोजकेच: कच्चा म्हणजे न उकडलेला तांदूळ (पच्चरिसी), पिवळी मूगडाळ, गूळ, तूप, काजू, बेदाणे, वेलची, आणि अनेक घरांत कणभर खायचा कापूर. आंध्रात हीच चक्कर पोंगली, कर्नाटकात गोड हुग्गी.

तुपाचं प्रमाण मात्र सढळ, आणि त्यामागे जुनी रीत आहे. श्रीवैष्णव परंपरेत याच पदार्थाचं जास्त दुधातुपातलं भावंड आहे, अक्कारवडिसल. तैच्या आधीच्या मार्गळी महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी ते करतात. तमिळ संतकवयित्री आंडाळच्या 'तिरुप्पावै' या काव्यात त्या दिवसाचं वर्णन आहे: दूधभात झाकून जाईल इतकं तूप, आणि ते कोपरापर्यंत ओघळतंय. पण त्याच रचनेत सुरुवातीला व्रताचा नियमही सांगितलाय, या काळात तूप खायचं नाही, दूध प्यायचं नाही. म्हणजे कोपरापर्यंत ओघळणारं तूप आलं ते तूप सोडलेल्या दिवसांनंतर. आज आपण तो ओघळ तेवढा ठेवला आणि आधीचे दिवस गाळून टाकले. म्हणून पारंपरिक कृती वाईट असं मी म्हणणार नाही. ती ज्या खाण्यापिण्यात बसत होती, ते खाणंपिणं आता आपलं राहिलेलं नाही, एवढंच.

एका पातेल्याचा हिशेब

घरोघरी प्रमाण बदलतं, पण साधारण मध्यम कृती धरू. तांदूळ २०० ग्रॅम, मूगडाळ ५० ग्रॅम, गूळ ३५० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, काजू आणि बेदाणे ३०-३० ग्रॅम, एक पेला दूध. यातून मध्यम आकाराच्या दहा वाट्या होतात.

नेहमीच्या पोषणतक्त्यांवरून बेरीज केली तर अख्ख्या पातेल्यात साधारण ३,५०० कॅलरी भरतात, म्हणजे वाटीमागे ३५०. त्यातल्या तांदळाच्या जेमतेम ७०. गुळाच्या जवळपास १३० आणि तुपाच्या ९०. आता पिष्टमय आणि शर्करायुक्त भाग, म्हणजे कर्बोदकं, पाहा. एका वाटीत अंदाजे ५० ग्रॅम कर्बोदकं असतात. त्यातली ३० ग्रॅम गुळातून येतात आणि तांदळातून १५-१६. तांदूळ पूर्णपणे काढून त्या जागी कितीही गुणी भरडधान्य आणलं, तरी तुम्ही त्या १५-१६ ग्रॅमनाच हात लावताय. गुळाचे ३० जिथल्या तिथेच.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा: वरून घातलेली साखर (त्यात गूळ, मध, पाक सगळं आलं) दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या. २,००० कॅलरीच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम ही वरची मर्यादा आणि २५ ग्रॅम हे चांगलं उद्दिष्ट. पोंगलच्या एका वाटीतच ३० ग्रॅमच्या आसपास होते. आणि सणाला एका वाटीवर कोण थांबतं?

गूळ चांगला, पण औषध नव्हे

गुळाबद्दल आपल्या मनात फार जिव्हाळा आहे. मलाही आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आनंदच झाला. पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर अगदी जवळचे आहेत. गुळाचा बहुतांश भाग सुक्रोज, म्हणजे साखरेत असतं तेच. उरलेल्यात थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, ओलावा आणि खनिजं. साखरेच्या १०० ग्रॅममध्ये ४०० च्या आसपास कॅलरी, तर गुळाच्या १०० ग्रॅममध्ये ३८० च्या. मधुमेह असलेली व्यक्ती 'गुळाचंच आहे' म्हणून दोन वाट्या खाते, तेव्हा शरीराला त्यात काही सवलत मिळत नाही.

आणि लोह? आहे, पण ते १०० ग्रॅम गुळात काही मिलिग्रॅम इतकंच. आपण वाटीत २०-३५ ग्रॅम गूळ खातो, त्यातून पदरात पडतं ते किरकोळ. लोहासाठी पालेभाजी, डाळी, हळीव यांच्याकडे जावं. गोड खाण्याला लोहाचं निमित्त नको.

तमिळनाडूत ताडाचा गूळ मिळतो, करुपट्टी. काळपट रंग, किंचित धुरकट वास, जिभेवर रेंगाळणारी चव. अनेक ठिकाणी तो 'मधुमेहींसाठी सुरक्षित' म्हणून विकला जातो. तोही मुख्यतः सुक्रोजच आहे, त्यामुळे त्या दाव्यावर विसंबू नका. त्याचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे: चव इतकी गडद की कमी घालूनही पदार्थ फिका लागत नाही. साधा गूळ घेतानाही हेच सूत्र धरा. फिकट पिवळा, चकचकीत गूळ बरेचदा रसायनं वापरून उजळ केलेला असतो. गडद तपकिरी घ्या. त्याला चव जास्त असते, म्हणून माप कमी करता येतं.

खजुराच्या लगद्याचा किंवा स्टीव्हियाचा (एका वनस्पतीच्या पानांपासून केलेल्या, साखरेऐवजी वापरायच्या गोडव्याचा) पोंगल मी सुचवणार नाही. खजुरात फायबर आहे हे खरं, पण साखरही भरपूर आहे, आणि त्याच्या चवीत मूग आणि तूप दोन्ही बुडून जातात. स्टीव्हिया गोडी देतं, पण पाकाचा दाटपणा देत नाही आणि मागे कडवट चव सोडतं. असं काही करण्यापेक्षा खरं पोंगल अर्धी वाटी खावं.

धान्य: फायदा कुठे असतो, कुठे निसटतो

आता राळ्याकडे. तिनै हे तमिळ मातीतलं फार जुनं धान्य. मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, पत्नी वल्ली डोंगरउतारावर तिनैचीच शेतं राखत होती, असं कथा सांगते. तेव्हा तिनैचं पोंगल ही २०२३ च्या भरडधान्य वर्षाची नवी टूम नाही. आपल्याकडेही भोगीला काही भागांत राळ्याचा भात होतो. म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी जे धान्य आपल्या ताटात येतं, तेच दुसऱ्या दिवशी तमिळ घरात गोड होऊन येऊ शकतं.

राळ्यात पांढऱ्या तांदळापेक्षा प्रथिनं आणि फायबर जास्त, आणि त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे ठरावीक कर्बोदकं पोटात गेल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वर चढते त्याचा आकडा, तांदळापेक्षा सहसा कमी निघतो. पण हा आकडा धान्याच्या नावावर कायमचा कोरलेला नसतो. दाणा किती सडलाय आणि किती शिजवलाय, यावर तो हलतो.

पिठूळ दाण्यातला स्टार्च घट्ट बांधलेल्या कणांत असतो. पाण्यात उष्णता मिळाली की ते कण फुगतात, फुटतात, आणि मग पाचकरसांना ते चटकन फोडता येतात. आपण सक्करै पोंगलसाठी तांदूळ गुरगुट्या करतो आणि डावाने घोटतो, तेव्हा हे काम पचनाच्या आधीच पातेल्यात उरकलेलं असतं. राळाही कुकरच्या पाच-सहा शिट्ट्यांनी मऊ करून रगडला, तर त्याचा संथपणा बराचसा गेला म्हणून समजा. त्यातून बाजारात मिळणारा राळा पुष्कळदा इतका सडलेला, म्हणजे पॉलिश केलेला असतो की कोंड्याबरोबर फायबरही निघून गेलेलं असतं. हातात घेऊन पाहा: पॉलिश केलेला दाणा फिकट आणि गुळगुळीत, कोंड्यासकटचा मळकट पिवळा आणि जरासा खरखरीत. घेताना वासही घ्या. कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं, म्हणून कोंड्याचा राळा थोडाच आणावा.

माझ्या मते सगळा तांदूळ काढू नये. निम्मा राळा, निम्मा नवा तांदूळ हे प्रमाण उत्तम बसतं. नव्या तांदळाचा चिकटपणा पदार्थ धरून ठेवतो, राळा त्यात दाणेदारपणा आणतो. आणि नवा तांदूळ हा या सणाचा गाभाच आहे, त्याला पातेल्याबाहेर ठेवून पोंगल करण्यात मला गोडी वाटत नाही. महाराष्ट्रात करत असाल तर नवा आंबेमोहर किंवा इंद्रायणी घ्या, दोन्ही छान चिकट होतात. कुणाला तांदूळच ठेवायचा असेल तर तमिळनाडूचा लाल 'माप्पिळ्ळै सांबा' आहे, पण तो रात्रभर भिजवावा लागतो आणि शिजायला वेळ घेतो.

धान्यापेक्षा मोठी मदत करते ती मूगडाळ. चार भाग तांदळाला एक भाग डाळ असते तिथे तीन भाग धान्याला दोन भाग डाळ करा. डाळीतला स्टार्च सावकाश पचतो. वाटीमागे प्रथिनं फार वाढतात असं मात्र नाही, चारावरून पाच ग्रॅमच्या आसपास जातात, तेव्हा 'प्रोटीन पोंगल' वगैरे म्हणू नये. डाळीचा खरा उपकार वेगळा आहे. शिजलेला मूग मऊसूत आणि लोण्यासारखा होतो, त्यामुळे तुपाने जो दाटपणा येतो त्यातला बराच भाग मूगच देऊन टाकतो.

तूप कमी करायचं, पण शेवटी घालायचं

तूप सगळं काढून टाकणं हा उपाय नाही. स्निग्ध पदार्थ असला की जठरातून अन्न सावकाश पुढे सरकतं, आणि साखर चढण्याचा वेगही थोडा मंदावतो. शिवाय वेलचीचा, भाजलेल्या मुगाचा सुगंध तुपात उतरतो आणि तुपाबरोबरच नाकापर्यंत पोचतो. तूप नसलेलं पोंगल बेचव लागतं आणि मग माणूस गूळ वाढवतो. त्यामुळे १०० ऐवजी ४५ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे तूप ठेवा, पण ते शिजताना पातेल्यात हरवू देऊ नका. आत मुरलेलं तूप जिभेला कळत नाही, वरचं कळतं.

गोडीचंही असंच आहे. गूळ ३५० वरून एकदम २०० ग्रॅमवर आणला तर फिकेपणा जाणवेल, तो तीन गोष्टींनी भरून निघतो. एक, चिमूटभर मीठ. त्याने गोडवा उठून येतो. दुसरी, वास. गोडाशी आपण मनाने जोडलेले वास, जसा वेलचीचा, जिभेला आहे त्याहून जास्त गोडी जाणवून देतात. म्हणून वेलची ताजी कुटा आणि आच बंद केल्यावर घाला. तिसरी, ऊब. तोच पदार्थ गार खाल्ला तर कमी गोड लागतो, म्हणून गरम वाढा.

कापराबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. पच्चै कर्पूरम म्हणजे खायचा कापूर, तो वेगळा मिळतो. आरतीचा कापूर खाण्यात कधीही घालू नका. खायचा कापूरही अख्ख्या पातेल्याला मोहरीच्या दाण्याएवढाच. जास्त झाला तर तो विषारी ठरतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर सरळ वगळा. वेलची पुरेशी आहे.

पातेल्यात काय, कधी

७५ ग्रॅम राळा दोनेक तास भिजत घाला. ७५ ग्रॅम तांदूळ धुऊन ठेवा. १०० ग्रॅम मूगडाळ कोरडीच मंद आचेवर परता. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग डाळीचा कच्चा हिरवट वास जातो आणि भाजक्या दाण्यांसारखा खमंग वास येतो. कडा जराशा गुलाबी दिसल्या की उतरवा. डाग पडेपर्यंत थांबलात तर कडवट होईल.

डाळ, तांदूळ, राळा एकत्र करून पाचपट पाणी आणि एक पेला दूध घालून जाड बुडाच्या पातेल्यात शिजू द्या. कुकर टाळलात तर दाण्यावर नजर राहते. डाळ पूर्ण विरघळावी, तांदूळ मऊ व्हावा, पण राळ्याचा दाणा दाताखाली कळावा. इथेच थांबा, घोटू नका. गूळ घालण्याआधी दाणा पूर्ण शिजलेला हवा, कारण गूळ पडला की तो पाणी धरून ठेवतो आणि दाणा पुढे मऊ होत नाही. अर्धकच्च्या भातात गूळ घालून मग तासभर ढवळत बसणं हा या पदार्थातला सर्वांत मोठा वैताग आहे.

गूळ वेगळ्या भांड्यात अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात कचरा असतोच. तो पाच मिनिटं उकळा म्हणजे कच्चा वास जाईल, आणि जरा निवल्यावर भातात ओता. गुळात आंबटपणाचा अंश असतो, त्यामुळे कढत पाक दुधाच्या भातात ओतला तर दूध फाटू शकतं. मंद आचेवर पाचसात मिनिटं एकजीव करा आणि आच बंद करा. मग वेलची आणि मीठ. शेवटी छोट्या कढल्यात तीनही चमचे तूप तापवून काजू तळा, ते सोनेरी होत आले की बेदाणे टाका, ते टम्म फुगले की सगळं तसंच वरून ओता. ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे तळून घातले तर चावायला मिळतात आणि माणूस सावकाश खातो.

या पातेल्याचा हिशेब: साधारण २,४०० कॅलरी, दहा वाट्यांत वाटीमागे २४०-२४५. म्हणजे शंभरावर कॅलरी वाचल्या, आणि त्या जवळपास सगळ्या गूळ आणि तूप यांतून. तांदळाऐवजी डाळ-राळा आल्याने कॅलरीत काहीच फरक पडलेला नाही, कारण कोरड्या वजनाला तिन्हींची ऊर्जा सारखीच असते. त्यांचं काम साखर सावकाश चढू देण्याचं आहे. गूळ वाटीमागे ३५ वरून २० ग्रॅमवर आला.

खायची रीत

तमिळ पानावर गोड आधी वाढतात. प्रसाद म्हणून चमचाभर आधी घ्या आणि बाकीचं जेवणाच्या शेवटाकडे न्या. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की मागून आलेली साखर कमी वेगाने चढते. पोंगलच्या जेवणात याची सोय आहेच. त्या दिवशीच्या कूट्टू-कुळंबूत, म्हणजे भाज्यांच्या दाट आणि पातळ रश्शांत, घेवडा, पावट्याचे दाणे, लाल भोपळा, रताळं, सुरण असा भाज्यांचा मेळा असतो, आपल्या भोगीच्या भाजीचाच सख्खा शेजारी. फक्त वेण पोंगल (याच तांदूळ-मुगाचं मिरी-मिठाचं रूप), वडा आणि सक्करै पोंगल असे तिन्ही भरपेट एका बैठकीत नकोत. तिथे पिष्टावर पिष्ट होतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात आणि चढ खाली येतो.

मधुमेहींनी वरच्या मापाचं पोंगलही अर्धी वाटीच घ्यावं, आणि त्या जेवणात भात-वेण पोंगल तेवढं कमी करावं. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर सणाच्या नावाखाली डोस स्वतःच्या मनाने वर-खाली करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र राळा थोडा जास्त शिजवून द्या. दात आणि पोट दोन्ही सांभाळायचं असतं.

उरलेलं पोंगल दोन तासांत फ्रीजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ते दगडासारखं घट्ट दिसेल, कारण थंडीत स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात. ते सैल करायला अनेक घरांत वरून तूप सोडतात, आणि आदल्या दिवशी वाचवलेलं सगळं तिथे परत येतं. त्याऐवजी पाव वाटी गरम दूध किंवा पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर वाफ आणा. ते पुन्हा पहिल्यासारखं मऊ होतं.